तात्यांच्या कानाचं मशीन
कानाच्या मशीनची बारीक शिट्टी ऐकली की मला कळस गावातलं आमचं घर आठवतं. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी गावातल्या सगळ्यांच्या नकला करायचो. चुलती वारून वर्ष झालं होतं, आन माझे चुलते, तात्या, त्यांना जरा कमी ऐकू यायचं. मी दाराआडून चुलतीच्या आवाजात म्हणायचो, "अवं, च्या निवतोय!" तात्या लगीच "आलो, आलो" म्हणत उठायचे. मला वाटायचं, काय फसवलं म्हाताऱ्याला! मग बारामतीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, "बहिरेपण थोडंच आहे, पण बारीक आवाज निसटतात. कानामागचं मशीन घ्या, नाहीतर खिशातल्या डबीचं." तात्यांनी डबीचं घेतलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी परत तशीच हाक मारली. तात्या जागचे उठलेच न्हाईत. "ह्यात तुझाच आवाज येतुया रं, बेण्या. तिचा गेला." त्यांनी कानातनं मशीन काढलं आन म्हणाले, "आता मार हाक." मी हाक न मारताच दाराआडून बाहेर आलो. तरी तात्यांनी चुलीकडं मान वळवली, हसले आन म्हणाले, "आलो, आलो." आजबी मी कुणाचीबी नक्कल करतो, चुलतीची सोडून. त्या दोघांच्या मधी आपण कशाला बोलायचं?