मोजणीच्या आठवड्यातली रिकामी बस

आमच्या गावाहून ईट गावावरून भूमला, तालुक्याला, सकाळी एकच बस जायची. दुष्काळाच्या त्या वर्षी मी दहावीला होते आणि माझी शाळा त्या बसच्या जिवावर चालली होती. बसमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. माणसं दारात लोंबकळायची, टपावर चढायची आणि कंडक्टर शिव्या देत देत सगळ्यांना घ्यायचा. देवमाणूस होता.

एक दिवस डेपोतला साहेब बसमध्ये कागद घेऊन बसलेला दिसला. कुठं किती माणसं चढतात ते आठवडाभर मोजायचं आणि त्या आकड्यांवरून कुठल्या गावाला गाडी द्यायची, कुठली काढायची ते ठरवायचं, हे त्याचं काम. पण ते आम्हाला नंतर कळलं. साहेब गावाशी कशाला बोलतील! त्यात आमच्या कंडक्टरला त्या दिवसापासून दुसऱ्या गाडीवर पाठवलेलं. गावाची खात्रीच पटली, की जादा माणसं भरतो म्हणून त्याच्यावर चौकशी लागली.

"गरीब माणूस हाय, त्याची नोकरी जायाला नको," चुलते पारावर म्हणाले. "गाडी रिकामी दिसू दे. साहेब हाय तवर कुणी बसायचं न्हाय."

आठवडाभर कुणीच बसलं नाही. आजाऱ्यांना बैलगाडीतून नेलं. वडिलांनी मलाही घरी ठेवलं. एकजूट म्हणावी तर अशी. पाण्याच्या टँकरपुढं ती कधी दिसली नव्हती.

पुढच्या महिन्यात बस बंद झाली. वडील आणि चुलते डेपोत गेले. साहेबानं बसायला खुर्च्या दिल्या, सगळं ऐकून घेतलं. वडील म्हणाले, "साहेब, आमचं चुकलं. तुमी फिरून मोजा की."

"गाडीच नाही, तर मोजू कुणाला?" साहेब म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं.

मला आजही साहेबाचा तेवढा राग येत नाही, जेवढा आमच्या चांगुलपणाचा येतो. त्या कंडक्टरवर चौकशी कधी नव्हतीच.

"परीक्षेपुरतं तरी भूमला ठेवा मला," मी वडिलांना म्हणाले.

"कुणाकडं ठिवू?" ते म्हणाले. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या पोरीला तिथं कोण ठेवून घेणार होतं!

दहावीचा पहिला पेपर होता त्या दिवशी मी आईशेजारी बसून दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मुकादमानं हजेरी घेतली, तेव्हा मी "हजर" म्हणाले.