कानपूरचं पाणी

हॉस्पिटलच्या वॉर्डमधून फोन आला तेव्हा मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवत होते. माझे सासरे, अप्पा, गेले. सासूबाईंना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "काल पाणी पोटात गेलं, बरं झालं." याला आता महिना होईल.

अप्पा कानपूरचे. इंग्रजांनी फौजेला कापड, खोगिरं आणि बूट हवेत म्हणून वाढवलेलं ते शहर. त्यांच्या लहानपणी गिरण्यांच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळं लावत. ते निवृत्त होईतो ते भोंगे बंद पडून यंत्रं भंगारात निघाली होती. चामडं तेवढं टिकलं. अप्पा एका टॅनरीत केमिस्ट होते. कातडी कमावल्यावरचं हिरवट पाणी नाल्यातून थेट गंगेत जायचं, आणि त्यात काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय ते घरात शिरत नसत. आम्ही त्यांना इंग्लंडला, लेस्टरला आणलं, तरी लायब्ररीतून आले की तेच. बेलग्रेव्ह रोडच्या दुकानात गंगाजलाच्या बाटल्या दिसल्या की म्हणायचे, "बेटा, यातलं निम्मं माझं आहे." दुकानदार हसायचा. अप्पा हसत नसत.

शेवटी तोंडात गंगा घालायची नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं. "बाकीचे रडतील. तू ऐकशील."

ते गेले त्याच्या आदल्या दुपारी वॉर्डात आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पिशवीतून गंगेचा तांब्याचा गडू काढला. इतकी वर्षं देवघरात बंद असलेला, सकाळी माझ्याच टिन-ओपनरनं फोडलेला.

"आई, अप्पांनी नको म्हटलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "अहो, हृषीकेशची आहे."

अप्पांनी डोळे उघडले. "म्हणजे... आमच्या वरची."

"तुमच्या नाल्यांच्या कितीतरी वरची."

"मग घाल बाई."

क्रिमेटोरियमहून परतताना मी विचारलं, "तुम्ही हृषीकेशला कधी गेला होतात?"

"मी कुठली जाते! कानपूरच्याच घाटावरची ती. लग्नाच्या वर्षी भरलेली."

"आणि अप्पांना ते ठाऊक..."

"गडू पाण्यात कुणी बुडवला, वाटतं तुला?"

उरलेलं पाणी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मुदत संपलेलं मी घरात काही ठेवत नाही. दोनदा गडू सिंकपाशी नेला. पण इथलं सांडपाणी शेवटी सोअर नदीला मिळतं, हे मला अप्पांनीच सांगितलं होतं... गडू परत खिडकीत ठेवते आणि हात धुते. कोपरापर्यंत.