चॅम्पियनने मोडलेलं नाक

परीक्षेला निघालेली मुलं, मुलाखतीला निघालेली मोठी माणसं आणि एकदा तर घटस्फोटाच्या तारखेला निघालेली एक बाई, सगळे आधी कोपऱ्यावरच्या बेकरीत येत आणि बेकरीवाल्याच्या नाकाला बोट लावून पुढे जात. नाक डावीकडे वळलेलं होतं. वाटेत कोणीतरी हाक मारावी आणि बाकीच्या चेहऱ्याला न विचारता ते एकटंच निघून जावं, तसं. लोक त्याला नाकोबा म्हणत, तेही तोंडावर, आणि त्याला ते मनापासून आवडे. पिठाचे हात पाठीमागे घेऊन तो काउंटरवर ओणवा व्हायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हळू. ऐतिहासिक वस्तू आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. ते नाक हेवीवेट जगज्जेत्याने मोडलं होतं. मोडलं तेव्हा तो जगज्जेता नव्हता, एवढंच. नुसता गावोगाव लढत फिरणारा, रुंद मानेचा, कमी बोलणारा एक मुलगा होता. गावातल्या लढतीआधी त्याच्या प्रतिस्पर्ध्याला गालगुंड झालं. तिकिटं तर विकली गेलेली. आयोजकाला घाईघाईत एक जाडजूड माणूस हवा होता, आणि गावात सगळ्यात जाडजूड होता तो त्या वेळच्या बेकरीवाल्याचा तेवीस वर्षांचा पोरगा, म्हणजे हाच. पिठाच्या पोत्यांखालून त्याला ओढून नेला. कोपरापर्यंत पीठ तसंच. रिंगमध्ये तो एक मिनिट चाळीस सेकंद उभा राहिला. त्यातले पहिले चाळीस सेकंद दोघं एकमेकांभोवती फिरत होते, कारण समोरच्याला खोकला आला होता.

दोन वर्षांनी तो खोकणारा मुलगा जगातला सगळ्यात ताकदवान माणूस झाला आणि इकडे नाकोबाचा जन्म झाला. तोवर जी नामुष्की होती, ती एका सकाळी मानाची गोष्ट झाली. आयोजकाकडून फोटो मागवला, काचेत घालून काउंटरच्या वर टांगला. फोटोत एक ग्लव्ह नाकात शिरलेला, घामाचे थेंब हवेत आणि नाकोबाचा चेहरा ओल्या कणकेसारखा एका बाजूला सरकलेला. लोक पाव घेताना वर बघत आणि म्हणत, "हरला खरा, पण कोणाकडून हरला बघा!"

जगज्जेता नऊ वर्षं टिकला आणि नऊ वर्षं नाकोबाची छाती फुगलेली राहिली.

मग उतरण लागली. नाकोबाला ती नेमकी कळायची, कारण पाव बांधायला रद्दी त्याच्याकडेच यायची. चॅम्पियनचा फोटो असलेल्या पानात त्याने आजवर कधी पाव बांधला नव्हता. ती पानं तो बाजूला काढून ठेवायचा. पहिला पराभव गुणांवर झाला. पहिल्या पानावर मोठा फोटो, खाली 'वादग्रस्त निकाल'. गल्लीनेही पंचाला शिव्या दिल्या. दुसऱ्या पराभवात तो सहाव्या फेरीत बसला तो उठलाच नाही. फोटो आतल्या पानावर गेला, अर्धा झाला. 'अजिंक्य'चा 'माजी विजेता' झाला. वर्षभराने 'एकेकाळचा'. नाकोबा कात्रीने ती बातमी कापायचा आणि मनात म्हणायचा, हा माणूस मरत नाहीये, बारीक होत चाललाय. एका सकाळी टपाल तिकिटाएवढा उरेल आणि मग मला चिमट्याने शोधावा लागेल.

ज्याच्याकडून आपण हरलो तो लहान होत गेला की आपलं हरणंही लहान होतं, हे त्याला भट्टीपुढे उभं राहून कळत गेलं. नाकाला लागणारी बोटं कमी झाली. मुलं परीक्षेला परस्पर जाऊ लागली. शाळेतली मास्तरीणबाई दरवर्षी निकालाआधी न चुकता यायची, ती यंदा नुसतीच ब्रेड घेऊन गेली.

"तुम्ही हरलात म्हणून इतकी वर्षं मान मिळाला," बायको ट्रे पुसत म्हणाली. "आता तो हरतोय तर तुमचा मान का जातोय, हे गणित मला समजत नाही."

"तुला नाही समजायचं. तुझं नाक सरळ आहे."

तिसरा पराभव सगळ्यात वाईट होता. ती बातमी मेहुणा घेऊन आला. मेहुणा गॅरेजमध्ये मेकॅनिक होता आणि भाऊजींची टर उडवणं हा त्याचा जोडधंदा होता. ऐन गर्दीच्या वेळी तो रांगेत न थांबता थेट काउंटरपाशी आला.

"भाऊजी, ऐकलंत का? तुमच्या जगज्जेत्याला काल कोणी आडवा केला? दातांच्या डॉक्टरने! माणूस दिवसा दाढा काढतो आणि शनिवारी बॉक्सिंग करतो."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"म्हणजे बघा हं," मेहुणा बोटांवर मोजत म्हणाला, "दातांच्या डॉक्टरने त्याला दोन फेऱ्यांत झोपवला. त्याने तुम्हाला दीड मिनिटात. म्हणजे डॉक्टरकडे तुम्ही नुसते तपासणीला गेलात तरी..."

सगळी रांग हसली. मास्तरीणबाईसुद्धा, पर्स तोंडावर धरून. नाकोबाने वर फोटोकडे पाहिलं, खाली लोकांकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ठोसा मारावा तसं त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे, त्याचा उजवा हात गेलेला आहे! उजव्या हाताशिवाय लढतोय तो!"

"कधीपासून?"

"कधीपासून काय? ह्या नाकापासून! हाड होतं ते, लोणी नव्हे. माझं नाक मोडलं आणि त्याची मूठ तडकली. तो तडा वर्षावर्षाने वाढत गेला. बोलला नाही कधी कोणाला. मानी माणूस आहे."

मास्तरीणबाईने पर्स खाली घेतली, पुढे आली आणि नाकाला एकाऐवजी दोन बोटं लावली.

आठ दिवसांत गोष्ट सगळीकडे झाली. जगज्जेता नाकोबामुळे संपला! आधी तो हरलेला माणूस होता, आता तो उशिराने जिंकलेला माणूस झाला. न्हाव्याच्या दुकानात तर नाकोबाने मुद्दाम नाक पुढे केलं होतं इथपर्यंत मजल गेली. बोटांची गर्दी इतकी वाढली की नाकाच्या शेंड्यावरची कातडी निघाली आणि बायकोला सकाळ-संध्याकाळ लोणी चोळावं लागलं.

"अहो, खरंच तडकली होती का त्याची मूठ?" लोणी लावता लावता तिने विचारलं.

"मी बेशुद्ध होतो."

"मग?"

"मग तडकली नव्हती असंही मी सांगू शकत नाही."

पण त्या दिवसांत रद्दी चाळताना त्याला चॅम्पियनचा फोटो सापडला की तो पान पटकन उलटं करायचा. ज्याने नाव दिलं त्याचंच उरलंसुरलं आपण बोटाबोटाने विकतोय, असं त्याला वाटायचं.

अशात गॅरेजच्या शेजारी टायरचं नवं दुकान निघालं आणि उद्घाटनाला तो आला. खुद्द तो. पूर्वी ज्याच्यासाठी स्टेडियमं भरायची, तो आता टायरच्या दुकानाची फीत कापत होता. मेहुण्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. फीत कापून झाल्याबरोबर तो चॅम्पियनला म्हणाला, "साहेब, इथं कोपऱ्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांनी तुमचा हात मोडलाय म्हणतात. भेटायचं का?" आणि पन्नास-साठ माणसांची वरात घेऊन तो बेकरीकडे निघाला.

नाकोबाला ते काचेतून दिसलं. त्याने हातातलं पीठ झटकलं, परत पिठात हात घातले, परत झटकले.

"मागच्या दाराने जाऊ का गं?"

"जा. पण नाक इथं ठेवून जा. लोक त्यासाठीच येतायत."

चॅम्पियन दारातून थोडा वाकून आत आला. केस अकाली पांढरे, डोळ्यांखाली पिशव्या, अंगात थोडा तोकडा कोट. मागून कोणीतरी ओरडलं, "दाढ दुखत असेल तर डॉक्टरकडे जा साहेब!" लोक हसले. चॅम्पियनही हसला, पण हसण्याआधी त्याचे खांदे जरासे वर आले, जसे ठोसा येताना येतात. ते फक्त नाकोबाने पाहिलं. असे खांदे त्याने आधी एकदा जवळून पाहिले होते.

"सांगा भाऊजी," मेहुणा म्हणाला, "साहेबांच्या तोंडावर सांगा. कोणता हात मोडला?"

नाकोबाने तोंड उघडलं. खरं सांगून टाकायचं त्याने ठरवलं होतं. उद्यापासून एकही बोट लागणार नव्हतं, ते त्याला दिसत होतं. "साहेब," तो म्हणाला, "मी लोकांना जे सांगितलं ते..."

चॅम्पियन त्याच्याकडे बघत नव्हता. तो वर फोटोकडे बघत होता. फोटोतल्या त्या मार खाणाऱ्या पोराची त्याला काडीचीही आठवण नव्हती, हे चेहऱ्यावर स्पष्ट होतं. बराच वेळ त्याने फोटो वाचावा तसा पाहिला. मग नाकोबाचं नाक पाहिलं. मग एकदम उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"उजवा," तो मोठ्याने म्हणाला. "ह्याच नाकावर गेला. इतकी वर्षं मी कोणाला बोललो नाही. पण तुम्हाला माहीतच झालंय, तर आता लपवून काय उपयोग?"



"अजून दुखतो का हो?" मास्तरीणबाईने कळवळून विचारलं.

"पाऊस आला की," चॅम्पियन म्हणाला.

त्यानंतर दाढेबद्दल कोणी बोललं नाही. लोक बाजूला झाले, वाट दिली, कोणीतरी तर टोपी काढली. नाकोबाने ताज्या पावांची पिशवी पुढे केली. चॅम्पियनने ती डाव्या हाताने घेतली, वाकून नाकाला त्याच हाताचं एक बोट लावलं आणि फक्त नाकोबाला ऐकू जाईल असं म्हणाला, "उपकार झाले, मालक." मेहुण्याने हात पुढे केला तेव्हाही त्याला डावाच मिळाला. गाडीत बसेपर्यंत उजवा खिशातून बाहेर आला नाही.

दुकान रिकामं झाल्यावर बायको स्टुलावर चढली. फोटोवरचं पीठ पुसता पुसता थबकली.

"अहो. ह्या फोटोत तर डावा हात आहे."

"हो."

"आणि नाकही डावीकडे वळलंय. म्हणजे तो ठोसा..."

"हो गं."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"आजच. तो बघत होता ना वर, तेव्हा."

ती खाली उतरली, आत गेली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि फोटोच्या कडेला असं टांगलं की ग्लव्हच्या मागचं सगळं झाकलं गेलं. उरला फक्त ग्लव्ह, आणि त्यापुढे एक चेहरा, नुकता वळायला लागलेला.

आठवड्याने रद्दीत बातमी आली. पाचव्या पानावर, पण चांगली तळहाताएवढी: 'जुन्या दुखापतीने घात केला, चाहते हळहळले'. नाकोबाने ती कापून ठेवली. तेवढ्यात मेहुणा आला. तो आता नाकाला बोट लावून मगच पाव मागत असे.

"ताई, ते कॅलेंडर जरा सरकव ना," तो वर बघत म्हणाला. "चॅम्पियन झाकला जातोय."

"झाकू दे," ती म्हणाली. "दमलाय तो."