ताईचा जादा ठोका

आमच्या ताईनं चाळीस वर्षं शर्टांच्या कॉलर शिवल्या आणि त्यातली सात वर्षं ड्रमही वाजवले. कॉलरवर लोकांचा लगेच विश्वास बसतो. ड्रमचं म्हटलं की, "काहीतरीच काय!" डोकंच फिरतं माझं.

कारखान्यातल्या चौघींनी रॉक बँड काढला तेव्हा आमच्याकडे बायकांचा बँड कुणी पाहिलेला नव्हता. जेवणाच्या सुट्टीत, गोदामातल्या कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये त्यांचा धांगडधिंगा चाले. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "तुमची थोरली अगदी उडाणटप्पू निघाली हो!" ताईनं ते ऐकलं आणि बँडचं नावच ठेवलं, 'उडाणटप्पू'. काकूंनी महिनाभर आमच्याशी अबोला धरला.

ताईची एक खोड होती. कारखान्यातल्या मशीनवर शिवण संपली की पायपट्टी टाचेनं मागे दाबायची, म्हणजे दोरा कापला जातो. दिवसातून हजार वेळा तेच. त्यामुळे गाणं संपून सगळ्या थांबल्या, की हिची टाच आपसूक दाबली जाई आणि पाय सुटताना पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमवर एक जादा ठोका पडे. धप्प! लोक फिदीफिदी हसत. बँडमध्ये गाणारी कारखान्यात काजं-बटणं करायची, ती बटणवाली वैतागून म्हणे, "अगं बाई, तुटला दोरा, सोड आता!"

रेकॉर्ड काढायची वेळ आली तेव्हा रेकॉर्ड कंपनीचे साहेब म्हणाले, "ड्रम आमचा माणूस वाजवेल. तुम्ही फक्त फोटोला बसा."

"मग फोटोही त्याचाच काढा," ताई म्हणाली.

बटणवालीनं माइक खाली ठेवला. बाकीच्या दोघींनी गिटार पेटीत घातल्या. साहेब नरमले. ताईनं एका दमात गाणं वाजवलं आणि शेवटी व्हायचं ते झालंच. धप्प! बिचारी पार ओशाळली. पण स्टुडिओची वेळ संपली होती, रेकॉर्ड तशीच निघाली. ती ऐकून गावोगावच्या मुलींनी बँड काढले.

आणि गेल्या महिन्यात पेपरात काय छापून यावं? त्या रेकॉर्डवरचे ड्रम म्हणे कंपनीच्या बाप्यानं वाजवले होते! मी नुसती तणतणत होते. ताईनं मात्र बातमीदाराला सरळ घरी बोलावून घेतलं.

"ड्रम कधीच मोडीत गेले," ती त्याला म्हणाली. "पण कारखाना बंद झाला तेव्हा हे मशीन मी घरी आणलं. बघा."

अडुसष्ट वर्षांची ताई मशीनवर बसली. तिनं एक कॉलर सरसर शिवली, टाच मागे दाबली, दोरा तुटला, आणि पाय सुटताना पायपट्टी खाली आपटली. धप्प. मग मी रेकॉर्ड लावली. गाणं संपलं. क्षणभर सगळं शांत. धप्प.

बातमीदार चाचरत म्हणाला, "पण हे तर हल्ली सगळेच बँड करतात. माझी मुलगीही करते. गाणं असंच संपवायची पद्धत आहे म्हणते."

ताई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर रडूच फुटलं.

"तिला सांगा, ती पद्धत नाही, चूक आहे," ताई म्हणाली. "आणि ती माझी आहे."

दुसऱ्या दिवशी पेपरात तसंच छापून आलं, अगदी धप्पसकट.