फारूकभाईंचं लाल कुलूप

फारूकभाईंना बसवत नाही. आखातातल्या एका जहाजगोदीत बावीस वर्षं वायरमनचं काम करून पनवेलला परतल्याला आठ महिने झाले, तरी चहासुद्धा ते उभ्यानंच पितात. पायाला भिंगरी लागलेला माणूस. घरातले चांगले चालणारे पंखे त्यांनी दोनदा उघडून पुन्हा बसवले, तोवर त्यांची बायको सुरैय्या गप्प होती. मिक्सर उघडला तेव्हा मात्र ती म्हणाली, "काय कारखाने काढायचेत ते मागच्या पडवीत काढा. माझ्या स्वयंपाकघरातून निघा!"

म्हणून पडवीत वर्कशॉप उभं राहिलं. लोखंडी गेटांना नि ग्रिलांना फवाऱ्यानं रंग मारायचा, असा बेत. त्यासाठी पळस्प्याच्या एका बंद गॅरेजातून थ्री-फेज कॉम्प्रेसर आला. रेडकाएवढी टाकी, वर मोटर, बाजूला पत्र्याची स्विचपेटी. मीटर रीतसर घेतलं, अर्थिंग पुरलं. राहिली फक्त जोडणी. ती दुसऱ्याकडून करून घ्या म्हटलं की फारूकभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. खरं तर त्यांना भीती वाटत होती. आयुष्यात एकच काम हाताला आलं, आणि तेही इथं चाललं नाही तर आपण या घरात नेमके कोण, हा प्रश्न त्यांना बसू देत नव्हता.

गोदीतून त्यांनी एक सवय मात्र जपून आणली होती. तारेला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्याला अनेक भोकांची एक कडी अडकवायची, कडीत आपलं लाल कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात. कामाला जितकी माणसं, तितकी कुलुपं. शेवटचं निघाल्याशिवाय वीज सुरू होत नाही.

"लेक होस्टेलवर, घरात आपण दोघंच," सुरैय्या हसली. "चोर कोण मग, मी?"

त्या सकाळी कुलूप घालून त्यांनी तारा जोडल्या. किल्ली आहे ना, म्हणून तीनदा खिसा चाचपला. पेटीचं झाकण लावणार, तेवढ्यात सुरैय्या चहा घेऊन आली आणि पेटीत बघतच राहिली.

"काळी तार मोटरला लावलीत?"

"काळी फेज, निळी न्यूट्रल. बावीस वर्षं हेच करतोय."

"ते तिकडं. इथं काळी थंड. नाथनभाऊ बजावून सांगायचे, भाभी, निळीला हात लावू नका."

नाथनभाऊ म्हणजे आळीतले जुने वायरमन. आता मुलाकडे इस्रायलला गेलेले.

"तू मला शिकवणार?" फारूकभाई ओरडले. चहा तसाच ठेवून तरातरा गेटपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. संशय काही पाठ सोडेना. शेवटी त्यांनी सगळ्या तारा सोडवल्या, टोकं एकमेकांपासून लांब केली, सुरैय्याला दारापाशी उभं केलं, कुलूप काढलं आणि स्विच चालू करून तारांना व्होल्टमीटर लावला.

काळी, शून्य. निळी, दोनशे अडतीस व्होल्ट.

स्विच पाडून त्यांनी पुन्हा कुलूप घातलं, तारांत वीज उरली नसल्याची खात्री केली आणि मग खाली फरशीवर बसले. गोदीतली यंत्रं युरोपातली, त्यांच्या तारांचे रंग वेगळे. हात त्याच वळणावर गेला होता. त्यात मागच्या मालकानं न्यूट्रलची पट्टी पेटीच्या पत्र्यालाच जोडून ठेवलेली, आणि त्या पट्टीला फारूकभाईंनी न्यूट्रल समजून निळी तार लावली होती. अर्थिंगनं एखाद्या दिवशी दगा दिला असता, तर अख्खी टाकी करंट मारत बसली असती. आणि टाकीत साचलेलं पाणी सोडायचा कॉक रोज सुरैय्या उघडणार होती. 

"तुला कसं ठाऊक?"

"आपली लेक आयत पोटात होती, तेव्हा मीटरबोर्ड जळाला होता. सातवा महिना होता मला. नाथनभाऊंच्या शेजारी उभी राहून एकेक तार विचारून घेतली."

"मला कधी बोलली नाहीस."

"सांगून काय झालं असतं? फोनवरून तार जोडली असतीत?"

फारूकभाई दर दोन वर्षांनी चाळीस दिवस यायचे ते पाहुण्यासारखे. घर त्यांच्या पैशांवर उभं राहिलं होतं, पण भिंतीतल्या तारा तिच्या ओळखीच्या होत्या. त्यांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं.

सुरैय्या आत गेली. येताना बाहेरच्या दाराचं जुनं पितळी कुलूप घेऊन आली. बावीस वर्षं तिनं एकटीनं लावलेलं आणि उघडलेलं. लाल कुलपाशेजारच्या भोकात ते अडकवून तिनं किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली.

"कामाला जितकी माणसं, तितकी कुलुपं. असंच ना?"

दुपारपर्यंत फारूकभाईंनी पट्टी वेगळी केली, जोडणी नव्यानं केली, अर्थिंग तपासलं, झाकण लावलं. आपलं लाल कुलूप काढून स्विचला हात घातला, तर पितळी कुलूप तसंच लटकत होतं.

"काळी?" सुरैय्यानं विचारलं.

"न्यूट्रल."

"निळी?"

"फेज."

ती ओढणीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. फारूकभाई एका जागी उभे राहून वाट बघत होते.