लिंबाचं गोत्र

अर्धी टेकडी उतरलो तरी जमीला रिकामा कॅन घेऊन माझ्यापुढं झपाझप चालत होती. एरवी ती गप्पा मारत माझ्या जोडीनं चालते. नवरा करीम चिंचोळी एमआयडीसीत कामाला, ही घरी टॉवेलांच्या कडा शिवते. आम्हा दोघींनाही साखरेचा आजार. डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि या वाटेवर ओळख झाली. मी नुसते हात हलवत चालायची, ती पाण्याचा कॅन घेऊन. तिची मुलगी आयत डेंगीनं गेली. तिच्या नावानं जमीलानं टेकडीवर कडुलिंब लावलाय, आता खांद्याला लागतो. "ताई, तुमची साखर नुसती जळती, माझी झाडाला लागती," असं मला चिडवायची.

यंदा टेकडीवर शहरातले पुढारी उदयसिंह यांचं मंडळ आलं. देवराई करायची म्हणाले. माझ्या माहेरी, माढ्याकडं, लक्ष्मीआईची राई आहे. तिथली काडी कुणी मोडत नाही आणि सावलीला बसणाऱ्याला कुणी जात विचारत नाही. मला वाटलं तसलंच काही असेल. मीच जमीलाला म्हटलं, चल, आपणही हात लावू.

आज लागवड होती. रोपाला पाणी घालताना आपलं गोत्र मोठ्यानं सांगायचं, असा मंडळाचा नियम. जमीलाचा नंबर आला.

"गोत्र न्हाय आमच्यात. आधार कार्ड चालंल का?" ती म्हणाली.

उदयसिंह हसले. "तुम्ही खड्डे काढा, पाणी आम्ही घालू."

मग माइकवर बोलले. शहरात पाणी कमी, माणसं जास्त, आणि ती कुणाची जास्त हे सगळ्यांना ठाऊक आहे. तण उपटल्याशिवाय रान वाढत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोज माझ्यासोबत हरिपाठ म्हणणाऱ्या केराबाईनंसुद्धा. शेवटी जाहीर केलं, आधीची झाडं ज्याची त्यानं उद्या सकाळी पाणी घालून, गोत्र सांगून नावावर करावीत. उरतील ती लगेच उपटणार.

हातात प्रसादाचा शिरा होता. देवाचं नाव घेऊन, झाडाच्या आडोशानं, इतकं घाणेरडं बोलायचं. प्रसाद टाकू नये एवढं मला कळतं. पण तो खाल्ला नाही, कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला.

डांबरी रस्ता लागला तशी जमीला थांबली.

"ताई, उद्या मी आले तर हाकलतील. तुमी जाता का? माझ्या लिंबाला पाणी घाला, तुमचं गोत्र सांगा. आयतचं नाव काढू नका. तुमचंच झाड हाय म्हणा."