सरांचा गड

"सुजे, पाय उचलू नको! हाय तिथंच बस!"

इंगळे सरांच्या या आरोळीनं बडनेरा स्टेशनात उभी असलेली मालगाडी दोन डबे मागं सरकली. सरांच्या घरी त्यांच्या शेजारीच बसलो होतो मी; माझा चहा तर अंगावरच सांडला. फोनच्या पलीकडं त्यांची पोरगी सुजाता होती, जॉर्जियात डॉक्टरकी शिकणारी. अकोल्याच्या एका मैत्रिणीला घेऊन ती तिथल्या जुन्या डोंगरी किल्ल्यावर चढली होती, आणि वर धुक्याचा असा लोंढा आला की दोघींना स्वतःचे हात दिसेनात. नेट बंद, चार्जिंग संपत आलेलं. येत होता तो नुसता आवाज.

हा किल्ला सरांनी शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिला नाही. आमच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवलेला हा माणूस आमच्याकडच्या नरनाळा किल्ल्यावर हजारदा चढला (नऊशे नव्याण्णव वेळा मीच सोबत होतो), पण विमानात कधी बसला नाही. पोरगी निघाली तेव्हा लोकांनी तिथली थंडी विचारली, जेवण विचारलं. सरांनी किल्ला विचारला. "पोरगी ज्या मुलखात रायते तिथला गड ठाव पायजे. वखत आला तं लपाले कामी येते." मग पुस्तकं आली, कॅलेंडरशेजारी हातानं काढलेला नकाशा लागला. त्या गडावर मंगोल आले, तुर्क आले, इराणी आले. सर त्यांच्याबद्दल असं बोलायचे, जणू तिघेही कालच शेंदूरजनाघाटची संत्री देऊन गेलेत.

वर्गात त्यांचं पालुपद ठरलेलं. "किल्ला समजून घ्याचा असंन तं हरलेल्या फौजेले इचारा. जिंकलेला फुशारक्या मारते, हरलेला रस्ता सांगते."

"बाबा, डावीकडं पायवाट दिसून राहिली," सुजाता म्हणाली.

"ते बकऱ्याईची हाय! बकरीले चार पाय रायतात, तुले किती? तिकडून एक फौज चढली नाई, अन् तू उतरतं?"

"मंग काय करू?" आता ती रडत होती.

सरांचं बोट नकाशावर गेलं. "वर चर्च हाय ना? त्याच्या भिंतीले बाहेरून हात लावून फिर. एका आंगाले भिंत गोल लागंन. ते उगवतीकडची, जुन्या चर्चात तसंच रायते. तिले पाठ लाव अन् नाकासमोर चाल. गडाचा दरवाजा तिकडंच हाय, साऱ्या फौजा तिथंच धडकल्या. बाकी तिन्ही आंगानं दरी."

"भिंत पडकी हाय, बाबा... थांबा... गोल लागली काय ते—"

फोन बंद पडला.

पाऊण तास. नकाशावरचं बोट सरांनी उचललं नाही. धीर द्यायला मी पंचवीस थापा मारल्या.

मग अनोळखी नंबर वाजला. डोंगराखालच्या गावातलं दुकान. "बाबा, उतरलो. दोघीबी."

"जेवली काय?" एवढंच विचारून सरांनी फोन ठेवला.

"कमाल हाय सर," मी म्हणालो. "न पाहिलेला किल्ला, अन् एवढ्या खात्रीनं वरडत होते तुमी!"

सर म्हणाले, "खात्री कोणाले होती?"